सातवा चिलर घेण्याआधी परतीचं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ राहील. दुबईच्या बाहेरच्या अंगाला वाढत चाललेली एक वसाहत. तिच्या डिस्ट्रिक्ट कूलिंग प्लांटमध्ये (एका जागी पाणी थंड करून ते पाइपांनी सगळ्या इमारतींच्या एसींना पुरवायचं) २,५०० टनांचे सहा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रं, आहेत. एकूण १५,००० टन; टन हे इथे थंडाव्याचं माप. आजचा उन्हाळ्यातला सर्वांत मोठा भार ६,००० टनांच्या आसपास. तरी ऑगस्टमध्ये पाच चिलर चालवावे लागले, टोकाच्या दोन इमारतींतून 'गारवा येत नाही' म्हणून फोन येत राहिले आणि विजेचा खर्च विकलेल्या टन-तासामागे (एक टन थंडावा तासभर) १.१ युनिटवर गेला. पुढच्या वर्षी आणखी चार इमारती जोडायच्या आहेत, म्हणून व्यवस्थापन सातव्या चिलरचे कोटेशन मागवतंय. 'कमी वीज खाणारा कोणता घ्यावा?' असं तुम्ही विचारलंय. सोबत पाण्याची तापमानं दिली आहेत: जाणारं ४.५ अंश, परत येणारं ९.५.

कोणताच घेऊ नका. निदान या वर्षी तरी नाही. तुमचं दुखणं त्या ९.५ मध्ये आहे.

हिशेब सोपा आहे. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट उष्णता. ती वाहून आणायला किती पाणी लागेल, हे पाणी किती तापून परत येतं यावर ठरतं. प्लांट ९ अंशांच्या फरकावर आखलेला असेल (आखातात साधारण तेवढाच धरतात), तर टनामागे ताशी ३३६ लिटर पाणी पुरतं. तुमचा फरक ५ अंशच आहे, म्हणून तुम्ही ६०५ लिटर फिरवताय. ६,००० टनांना ताशी २,०१६ घनमीटर पुरले असते तिथे ३,६३० घनमीटर. जवळजवळ १.८ पट.

आता हेच चिलरच्या बाजूने बघा. तुमच्या एका चिलरचा आखलेला प्रवाह ताशी ८४० घनमीटर. तेवढ्या पाण्यातून ५ अंशच काढायचे असतील तर २,५०० टनांचं ते यंत्र १,३९० टनांच्या आसपासच थंडावा देऊ शकतं. यंत्र बिघडलेलं नाही. पाणीच पुरेसं तापून येत नाही, त्याला काढायला उष्णता मिळत नाही. ६,००० भागिले १,३९०, म्हणजे चारपेक्षा थोडे जास्त. म्हणून पाचवा चालू. फरक ९ अंश असता तर तीन चिलरमध्ये काम भागलं असतं. पाचव्या चिलरबरोबर त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा कंडेन्सर पंप चालतो, ते पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरचे पंखे चालतात, आणि पाचही यंत्रं निम्म्या भारावर, ऑगस्टच्या दमट हवेत. तुमचे १.१ युनिट मुख्यतः इथून आलेत. नीट चालवलेला आखाती प्लांट सगळं मिळून ०.९ च्या आसपास, कधी त्याखालीही राहतो.

पंपांचं तर विचारूच नका. प्रवाह दुप्पट केला की पंपाची वीज कागदावर आठपट होते, १.८ पटीला जवळजवळ सहापट. प्रत्यक्षात एवढी होत नाही, कारण टोकाच्या इमारतीसाठी राखलेला किमान दाब काही कमी-जास्त होत नाही. तरी दुप्पट-तिप्पट होतेच.

टोकाच्या इमारतींना गारवा का नाही, त्याचं मूळही हेच. तुमच्याकडे पाण्याचे प्रायमरी (चिलरमधून) आणि सेकंडरी (इमारतींकडे) असे दोन फेरे आहेत आणि मध्ये दोन्ही जोडणारा पाइप, म्हणजे डिकपलर, आहे. इमारती जेव्हा चिलरमधून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त ओढतात, तेव्हा कमी पडलेलं पाणी डिकपलरमधून उलटं येतं. म्हणजे परतीचं ९.५ अंशांचं पाणी पुरवठ्यात मिसळतं. इमारतीला ४.५ ऐवजी ६ अंशांचं मिळतं, तिथले व्हॉल्व्ह 'अजून थंड हवं' म्हणून आणखी उघडतात, ओढ आणखी वाढते, मिसळ आणखी वाढते. ऑपरेटर बिचारा आणखी एक चिलर सुरू करतो, कारण त्याच्या हातात तेवढंच बटण असतं.

आपल्याकडे कालव्यावर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. हेडची गेटं सताड उघडी, टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी नाही, आणि उपाय काय, तर धरणातून विसर्ग वाढवा. त्याने हेडच्या रानात पाणी साचतं, टेल कोरडंच राहतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सातवा चिलर म्हणजे हा वाढीव विसर्ग आहे.

मग सुरुवात कुठून करायची? प्रत्येक इमारतीच्या बीटीयू मीटरमध्ये (किती थंडावा वापरला ते मोजणारा मीटर) प्रवाह आणि दोन्ही तापमानं नोंदलेली असतात. बिलिंगवाले फक्त टन-तास उचलतात, बाकीचा डेटा तसाच पडून राहतो. तो मागवा आणि इमारतींची यादी लावा. पण डेल्टा-टी वर, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानांतल्या फरकावर, लावू नका. ही चूक मीही पहिली दोन वर्षं केली. जादा प्रवाहावर लावा, म्हणजे आज जातं ते पाणी वजा ९ अंशांवर पुरलं असतं ते पाणी. फरक काय पडतो बघा. ६० टनांची एक मशीद २.५ अंशांवर चालते, दिसायला भयंकर. तिचा जादा प्रवाह ताशी ५२ घनमीटर. शेजारचा १,२०० टनांचा टॉवर ६ अंशांवर, आकडा बघून कुणी त्याच्याकडे वळून पाहणार नाही. त्याचा जादा प्रवाह २०० घनमीटर. मशिदीच्या चौपट. माझ्या पाहण्यात वरच्या सात-आठ इमारतींतच निम्म्याहून अधिक जादा पाणी असतं. बाकीच्यांना या वर्षी हातही लावू नका.

मग या सात-आठ इमारतींत स्वतः जा. टॅब्लेटवरच्या स्क्रीनने हे काम होत नाही. टॉर्च, हाताला धरायचं थर्मामीटर आणि तिथला जुना टेक्निशियन एवढं सोबत असू द्या. मला वर्षानुवर्षं काय सापडत आलंय ते सांगतो.

सर्वांत आधी बायपास. इमारत सुरू करताना पाइप धुतात, त्यासाठी राइझरच्या, म्हणजे मजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या पाइपच्या, टोकाला बायपास (पुरवठा सरळ परतीला जोडणारा आडमार्ग) उघडतात. धुणं झालं, कंत्राटदाराचं बिल निघालं, व्हॉल्व्ह उघडाच. अशा एका अर्ध्या उघड्या दोन इंची बायपासने एक मोठा मजला थंड होईल एवढं पाणी न वापरता परत येतं. त्याच्या जोडीला जुन्या धाटणीचे तीन-मार्गी व्हॉल्व्ह. कॉइलला (हवा गार करणाऱ्या नळ्यांना) नको असलेलं पाणी तो बाजूने सरळ परतीत सोडतो. एका इमारतीच्या स्वतःच्या प्लांटला ते कधी काळी चालत असे, डिस्ट्रिक्ट कूलिंगमध्ये तो गुन्हा समजावा.

दुसरं, रिकामे फ्लॅट. वाढत्या वसाहतीचं हे खास दुखणं आणि यावर फारसं कुणी बोलत नाही. इमारत ताब्यात दिली, निम्मे फ्लॅट विकले गेलेले नाहीत किंवा घेणारा कुठे लंडनला बसलाय. एफसीयूचा (फ्लॅटमधलं पंखा आणि कॉइल असलेलं युनिट) पंखा बंद, पण व्हॉल्व्हची उघडझाप करणारा अॅक्च्युएटर बसवलेलाच नाही, नाहीतर उघड्या अवस्थेत अडकलाय. पंखा बंद असल्याने पाणी तापत नाही; ४.५ ला जातं, ५ ला परत येतं. अशा दोनशे फ्लॅटचं पाणी राहत्या दोनशे फ्लॅटच्या चांगल्या परतीत मिसळलं की इमारतीचा डेल्टा-टी अर्धा झालाच. उपाय स्वस्त आहे: फ्लॅट रिकामा असेपर्यंत त्याचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, आणि दाराच्या आत टॅग. बुरशीची भीती असेल, आणि आखाती दमट हवेत ती खरी आहे, तर थर्मोस्टॅट २६-२७ वर ऑटोवर ठेवून पंखा आणि व्हॉल्व्ह दोन्ही चालू. पंखा बंद आणि पाणी चालू ही एकच अवस्था नको.

(आपली मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये दोन महिने गावी येतात तेव्हा एसी २० वर सोडून येतात, कारण फ्लॅट 'चिलर फ्री' असतो. म्हणजे कूलिंगचं बिल घरमालक भरतो. चिलर फ्री म्हणजे चिलर फुकट नव्हे, एवढं आमच्या साडूंना मी अजून पटवू शकलेलो नाही.)

तिसरं, धूळ. शेजारी नवे टॉवर उभे राहत असतात, त्यांचं सिमेंट आणि वाळू तुमच्या ताज्या हवेच्या युनिटांत येते. तीन महिन्यांनी बदलायचे फिल्टर तिथे तीन आठवड्यांत भरतात. कॉइलवर थर बसला की हवा उष्णता देत नाही, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडतो आणि पाणी जास्त तर जातं, पण तापत नाही. देखभालीचं वेळापत्रक बांधकाम संपेपर्यंत वेगळं असायला हवं. तसं करारात लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

चौथं ईटीएस खोलीत, म्हणजे प्लांटचं पाणी इमारतीच्या फेऱ्यातल्या पाण्याला गारवा देतं त्या खोलीत. तिथल्या प्लेट हीट एक्स्चेंजरच्या पलीकडे इमारतीच्या फेऱ्यासाठी एक सेटपॉइंट (गाठायचं तापमान) दिलेला असतो, समजा ५.५ अंश. प्लांटकडून ४.५ आलं तर तो गाठता येतो. पण डिकपलरच्या मिसळीने ६ आलं तर ५.५ गाठणं निसर्गनियमानेच अशक्य, आणि कंट्रोलर बापडा व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा ठेवून प्रयत्न करत राहतो. एका ठिकाणी आम्ही फक्त हा सेटपॉइंट ५.५ वरून ७ केला. एक पैसा खर्च नाही, आणि त्या आठवड्यात इमारतीचा प्रवाह एक तृतीयांशाने खाली. एकाही रहिवाशाची तक्रार आली नाही. प्लेटा घाण असतील तरी लक्षणं हीच दिसतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक नोंदत जा. तो दीड-दोन अंशांच्या वर सरकला की धुलाईची वेळ झाली.

एफसीयूचे व्हॉल्व्ह बदलायचेच असतील तर पीआयसीव्ही घ्या. दाब बदलला तरी प्रवाह धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. महाग आहे, पण नव्या इमारतींत तोच बसवायला लावा. जुन्यांत सरसकट बदलायला जाऊ नका. आधी वरची फुकटची कामं उरका.

आता प्लांटमध्ये येऊ.

तुमच्या सेकंडरी पंपांचा वेग कोणत्या डीपी सेन्सरवर (दाबातला फरक मोजणारा) चालतो ते बघा. पैज लावतो, तो सेन्सर तीन वर्षांपूर्वी जी शेवटची इमारत होती तिथे असेल. जाळं पुढे वाढलं, टोक बदललं, सेन्सर तिथेच राहिला. मग टोकाकडून तक्रार आली की कुणीतरी दाबाचा सेटपॉइंट वाढवतो आणि तो परत कधी उतरत नाही. प्रत्येक नवी जोडणी झाली की हायड्रॉलिक मॉडेल पुन्हा चालवून सर्वांत अडचणीची इमारत शोधायची. ती सर्वांत लांबचीच असेल असंही नाही. शक्य असेल तर दोन-तीन ठिकाणी सेन्सर लावा आणि ज्याला सर्वांत कमी दाब मिळतोय त्यावर पंप चालवा. इमारतींचे मुख्य व्हॉल्व्ह सगळे ७० टक्क्यांच्या आत उघडे असतील तर सेटपॉइंट खाली आणा.

हिवाळ्याचा प्रश्न वेगळा. तुम्ही लिहिलंय की जानेवारीत रात्री भार ५०० टनांवर येतो. जमिनीतल्या पाइपचा व्यास मात्र उद्याच्या १५,००० टनांसाठी आहे, तो टप्प्याटप्प्याने घालता येत नाही. पाइपातून जमिनीकडून शिरणारी उष्णता भार कितीही असो जवळपास तेवढीच. समजा ती ६० टन आहे: ऑगस्टमध्ये एक टक्का, जानेवारीच्या रात्री बारा टक्के. त्यात २,५०० टनांचं यंत्र २० टक्क्यांवर रखडत चालतं, सर्जच्या (कॉम्प्रेसरमधला वायू उलटा फिरण्याच्या) काठावर. म्हणून वाढत्या वसाहतीत सगळे चिलर एकाच मापाचे घेणं मला मुळातच पटत नाही. इमारतीचा सांगाडा, पाइपचे हेडर, विजेची जागा पूर्ण क्षमतेची करा. यंत्रं टप्प्याने आणा आणि पहिल्या टप्प्यात एक तरी ६००-८०० टनांचं लहान यंत्र असू द्या. तुम्हाला काही घ्यायचंच असेल तर मी हे घेईन.

लहान चिलरला पर्याय म्हणजे थंड पाण्याची साठवण टाकी. एक मोठा चिलर चार-पाच तास भरपूर भारावर चालवून टाकी भरा, मग तो बंद करून रात्रभर टाकीवर भागवा. इथेही डेल्टा-टी सोडत नाही: १०,००० टन-तासांच्या टाकीला ९ अंशांवर साधारण ३,७०० घनमीटर लागतात, आणि त्याच टाकीत ५ अंशांवर ५,५०० टन-तासच मावतात. म्हणजे परतीचं पाणी सुधारण्याआधी टाकी बांधली तर निम्मी टाकी हवेत गेली. आणखी एक, टाकीत ४ अंशांखाली पाणी भरू नका. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते. त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर सरकतं आणि खाली थंड, वर कोमट हे थर मोडतात.

कूलिंग टॉवरबद्दल थोडक्यात. पंखे कमी वेगाने पण जास्त चालवा. एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी दोन निम्म्या वेगाने चालवले तर हवा तेवढीच, वीज चौथाई. फक्त टॉवरच्या प्रत्येक सेलमध्ये भरणावर (पाणी पसरवणाऱ्या जाळीवर) पाणी सगळीकडे पसरतंय ना ते बघा. कंडेन्सरचं पाणी १ अंशाने थंड मिळालं की चिलरची वीज दोन-तीन टक्के वाचते; उलट, नळ्यांत थर बसून अप्रोच (कंडेन्सरमधला वायू आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानांतला फरक) १ अंशाने वाढला की तेवढीच जाते. तुम्ही प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर त्यातल्या फॉस्फेटमुळे हा थर लवकर बसतो. पाणी वाचवण्यासाठी तेच वापरावं, कारण प्रत्येक टन-तासाला सहा-सात लिटर नुसते बाष्पीभवनात जातात. पण मग अप्रोचची नोंद रोज हवी.

जाणाऱ्या पाण्याचं तापमान वाढवून वीज वाचवण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. चिलर खरंच कमी खातो. पण जुलै-ऑगस्टमध्ये तसं केलं तर कॉइलवर आर्द्रता निघत नाही, व्हॉल्व्ह उघडतात, प्रवाह वाढतो आणि वाचलेलं पंपात जातं. डिसेंबर ते मार्च जरूर करा, एक-एक अंशाने, पंपाच्या विजेवर नजर ठेवून.

हे सगळं टिकत का नाही, त्याचं कारण करारात आहे. ग्राहक राखीव क्षमतेचे पैसे भरतो आणि वापरलेल्या टन-तासांचे भरतो. घनमीटरचे भरत नाही. त्याचा बायपास उघडा राहिला तरी त्याच्या बिलात एक दिरहम वाढत नाही, सगळा भुर्दंड प्लांटला. काही कंपन्या कमी डेल्टा-टी साठी दंड लावतात. दुबईच्या कार्यकारी परिषदेच्या २०२१ च्या ठराव क्रमांक ६ नंतर तिथे या सेवेवर नियामकाची देखरेख आली आहे, त्यामुळे असं काही लावायचं तर करारात स्पष्ट असायला हवं. माझं मत विचाराल तर नुसत्या दंडाने इमारतीचा व्यवस्थापक ईटीएसचा व्हॉल्व्ह आवळून ठेवतो, रहिवासी उकडतात आणि फोन तुम्हालाच येतो. आधी सहा महिने तुमचा टेक्निशियन फुकट पाठवा, त्यांना त्यांच्या इमारतीचा आकडा दर महिन्याला दाखवा, आणि मगच दंडाची भाषा करा. इमारतीचे स्वतःचे पंपही कमी चालतात, त्यांचंही बिल उतरतं. ते त्यांच्या आकड्यात दाखवलं की व्यवस्थापक ऐकतात.

राखीव क्षमतेच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. विकासकाचे सल्लागार सुरक्षित बाजूला राहून मागणी फुगवतात, आणि सगळ्या इमारतींचा उच्चांक एकाच तासाला येत नाही. ऑफिसं दुपारी, घरं संध्याकाळी-रात्री. तुमच्या चार नव्या इमारतींनी ४,००० टन मागितले असतील तर प्लांटवर अडीच हजारांच्या आसपास येतील असा माझा अंदाज. आहेत त्या सहा चिलरमध्ये ते आरामात बसतात, परतीचं पाणी १२ अंशांवर आणलंत तर.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढे पुण्याला परतल्यावर हा अनुभव कामी येईल का. येईल. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून डिस्ट्रिक्ट कूलिंग चालू आहे, पहिला टप्पा १०,००० टनांचा आणि अंतिम आराखडा १,८०,००० टनांचा, म्हणजे अर्ध्या भरलेल्या जाळ्याचा हाच प्रश्न. पुणे आणि ठाणे या शहरांचा अभ्यासही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाखाली झाला होता. भारतात एक गोष्ट मात्र उलटी शिकावी लागेल. आपण साठवण टाकी रात्री भरायची असं शिकलो. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटवरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२४ पासून सौर तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग, अशी रचना आली. म्हणजे तिथे टाकी दुपारी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची.

सध्या मात्र तातडीचं काम ते नव्हे. त्या चार इमारतींची ड्रॉइंग तुमच्या मंजुरीला आली असतील. ईटीएस आणि एफसीयूची पानं आधी उघडा. तीन-मार्गी व्हॉल्व्ह दिसला, राइझरच्या टोकाचा बायपास कुलपाशिवाय दिसला किंवा परतीचं तापमान १३ अंशांखाली धरलेलं दिसलं, तर सही करू नका. जोडणी झाल्यावर तो व्हॉल्व्ह बदलायला तुम्हाला कुणी खोलीत पाऊलही टाकू देणार नाही.